पेटीतला विषाणू आणि घरातली सर्दी

प्रश्न : मी नाशिकची, वय २९, बायोमेडिकल इंजिनिअर. आईला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. दर पावसाळ्यात भाचा शाळेतून सर्दी घेऊन येतो, ती आईला लागते आणि आठवड्याभरात आईला ॲडमिट करावं लागतं. म्हणून दीड वर्ष खपून मी गळ्यात घालायचं एक यंत्र बनवलं. आत छोटा पंखा, फिल्टर आणि यूव्ही-सी (जंतू मारणारे अतिनील किरण सोडणारे) एलईडी आहेत. मिनिटाला ५० लिटर हवा आत ओढून शुद्ध हवेचा झोत नाकाकडे सोडतं. एका खासगी प्रयोगशाळेकडून तपासून घेतलं. एक घनमीटरच्या बंद पेटीत ३० मिनिटांत ९९.९ टक्के विषाणू निष्क्रिय झाले, असा अहवाल आहे. मामा उत्पादनाच्या साच्यांसाठी १५ लाख घालायला तयार आहेत. त्यांचं म्हणणं, आयन जनरेटरही (हवेत विद्युतभारित कण सोडणारं उपकरण) बसवू आणि वृद्धाश्रमांना, शाळांना विकू. ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात, ‘माझ्या ४० पेशंटना दे, महिनाभर वापरू देत, फीडबॅक घेऊ.’ एवढं संशोधन पुरेसं आहे का? आणि आईला आजपासून यंत्र घालायला देऊ का?

उत्तर : पत्र आणि सोबतचा अहवाल, दोन्ही नीट वाचले. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. आईला यंत्र आज देऊ नका आणि विक्रीचा विषय तूर्त बाजूला ठेवा. यंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते चांगलं आहे की नाही हे अजून कोणालाच कळलेलं नाही, आणि ते कळून घ्यायची रीत आहे. ती सोडून पुढे गेलात तर दीड वर्षाची मेहनत वाया जाईल.

आधी तो ९९.९ टक्क्यांचा आकडा पाहू. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. तुमचं यंत्र मिनिटाला ५० लिटर हवा ओढतं, म्हणजे पेटीतल्या हवेइतकी हवा यंत्रातून जायला २० मिनिटं लागतात. ३० मिनिटांत दीड पट हवा गेली. पण शुद्ध झालेली हवा पुन्हा त्याच पेटीत मिसळते, त्यामुळे यंत्र तीच ती हवा काही प्रमाणात परत ओढत राहतं. आत शिरलेला एकूण एक विषाणू यंत्राने मारला असं धरलं, तरी या हिशेबाने अर्ध्या तासानंतर पेटीत २२ टक्के विषाणू उरायला हवेत. ९९.९ टक्के घट व्हायला सव्वादोन तासांहून जास्त वेळ लागेल. मग अहवालात तो आकडा आला कुठून? हवेत फवारलेले थेंब आपोआप खाली बसतात, पेटीच्या भिंतींना चिकटतात, सुकतात आणि त्यातले बरेच विषाणू आपसूक निकामी होतात. यंत्र बंद ठेवून त्याच पेटीत, तेवढाच वेळ, तेवढ्याच दमटपणात काय होतं हे मोजायला हवं होतं. तुमच्या अहवालात यंत्र बंद असतानाचं मोजमापच नाही. प्रयोगशाळेला फोन करून ते मागा. केलंच नसेल, तर त्या आकड्यातलं यंत्राचं श्रेय किती आणि पेटीचं किती हे सांगता येत नाही. चाचणीत कोणता विषाणू वापरला तेही विचारा. बहुतेक ठिकाणी एमएस२ हा जिवाणूंना लागण करणारा विषाणू वापरतात. तो माणसाला बाधत नाही, हाताळायला सोपा. त्यात गैर काही नाही, पण मग पत्रकावर ‘फ्लू आणि कोरोना मारतो’ असं छापता येत नाही.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. पण तुम्ही इंजिनिअर आहात, म्हणून ही गणितं तुमच्यापुढे ठेवते आहे. आता पेटीतून घरात या. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण ३४ हजार लिटर हवा असते. मिनिटाला ५० लिटरने तेवढी हवा ओढायला यंत्राला अकरा तासांवर वेळ लागतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२३मध्ये सुचवलं की खोलीतली हवा तासाला किमान पाच वेळा बदलेल असं पाहावं. म्हणजे खोली शुद्ध करायला तुमचं यंत्र उपयोगाचं नाही. तो दावा करूच नका.

नाकापुढच्या झोताची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिथेच तुमच्या कल्पनेत जीव आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. ५० लिटरचा झोत त्याहून कितीतरी मोठा. पण झोत बाहेर पडताच आजूबाजूची हवा ओढून घेतो आणि पसरतो. आईने मान वळवली, पदर सावरला, वर छताचा पंखा तीनवर फिरतोय, अशा वेळी त्या झोतातलं किती नाकपुडीपर्यंत पोचतं? हे मोजायला विषाणू लागत नाही आणि माणूसही लागत नाही. पुतळ्याचं डोकं घ्या, नाकातून श्वास घेणारा पंप लावा, खोलीत मिठाच्या पाण्याचे सूक्ष्म कण सोडा आणि नाकपुडीपाशी कण मोजा. यंत्र चालू, यंत्र बंद. मान सरळ, मान वळलेली. पंखा बंद, पंखा चालू. नाकपुडीपाशी कण किती कमी झाले, हा आकडा कदाचित ४० टक्के येईल, कदाचित पाच. पण तो तुमच्या यंत्राबद्दलचा पहिला खरा आकडा असेल.

याच टप्प्यावर आणखी एक तपासा. फिल्टर किती काम करतो आणि यूव्ही-सी किती? मिनिटाला ५० लिटर म्हणजे सेकंदाला आठशे मिलिलिटरच्या वर. आतली पोकळी १०० मिलिलिटरची असेल, तर हवा दिव्यासमोर सेकंदाचा आठवा भागच असते. एवढ्यात एलईडी कितपत मारक ठरतो हे एलईडी बंद ठेवून आणि चालू ठेवून पाहा. सगळं काम फिल्टरच करत असेल, तर दिवा काढून टाका. यंत्र स्वस्त होईल, बॅटरी जास्त टिकेल आणि गळ्याशी, डोळ्यांच्या इतक्या जवळ यूव्ही-सी असण्याची काळजी मिटेल.

मामांचा आयन जनरेटर अजिबात बसवू नका. उच्च दाबाच्या विजेने आयन सोडणाऱ्या अशा उपकरणांतून ओझोन हा वायू निघू शकतो. ओझोन श्वासनलिका चिडवतो आणि सीओपीडी, दम्याच्या माणसांना तो सर्वांत आधी जाचतो. ज्यांच्यासाठी यंत्र केलं त्यांनाच त्रास! आईकडे घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल, तर लिथियम बॅटरीचं, गरम होणारं काहीही तिच्या गळ्यात नको. ओझोन, यूव्हीची गळती, बॅटरीचं तापमान आणि विद्युत सुरक्षा या चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून झाल्याशिवाय ते कुठल्याच माणसाच्या अंगावर जाऊ नये, तुमच्याही नाही.

आता मूळ मुद्दा. यंत्र नाकापाशी विषाणू कमी करतं असं सिद्ध झालं, असं समजू. तेवढ्याने सर्दी कमी होते का? इथे १९८०च्या दशकातल्या अमेरिकेतली एक हकिकत सांगते, कारण ती तुमच्या यंत्राला फार जवळची आहे.

विस्कॉन्सिन विद्यापीठात एलियट डिक नावाचे संशोधक सर्दीवर काम करायचे. त्यांचा प्रयोग असा की सर्दी झालेले आणि निरोगी असे पुरुष एका खोलीत तासन्‌तास पत्ते खेळत बसायचे. एका गटाला साधे रुमाल, दुसऱ्याला सायट्रिक ॲसिड, मॅलिक ॲसिड आणि सोडियम लॉरिल सल्फेट लावलेले टिश्यू पेपर. शिंक आली की टिश्यू, खोकला आला की टिश्यू, सगळं शिस्तीत. साध्या रुमालांच्या टेबलावर निरोगी खेळाडूंना सर्दी लागली. विषाणूनाशक टिश्यूंच्या टेबलावर एकालाही नाही. १९८६मध्ये हे प्रसिद्ध झालं. क्लीनेक्स बनवणाऱ्या किम्बर्ली-क्लार्क कंपनीने तसे टिश्यू ‘अव्हर्ट’ नावाने काही बाजारांत आणूनही पाहिले. ते चालले नाहीत.

मग व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मंडळींनी तोच टिश्यू खऱ्या कुटुंबांत तपासला. काही घरांना खरे टिश्यू, काहींना दिसायला तसेच पण विषाणूनाशक नसलेले. कोणाला काय मिळालं हे घरच्यांना माहीत नाही. दोन स्वतंत्र चाचण्या झाल्या, १९८८मध्ये निकाल आला. घरातल्या एकाकडून दुसऱ्याला सर्दी लागण्यात भरवसा ठेवावा असा फरक पडला नाही. टिश्यूतली रसायनं तीच. फरक घराचा होता. घरात लहान मूल शिंकायच्या आधी टिश्यू शोधत नाही. रात्री झोपेत खोकणाऱ्याच्या हातात टिश्यू नसतो. नाक पुसलेला हात थेट आजीच्या ताटात जातो. पत्त्यांच्या टेबलावरची शिस्त घरात कोण पाळणार?

तुमची आई दिवसातले किती तास यंत्र घालेल? जेवताना काढेल. चुलीपुढे, गॅसपुढे भाकरी भाजताना काढेल, कारण घाम येतो आणि दोरी टोचते. देवपूजेला काढेल, झोपताना काढेल. आणि भाचा तिला बिलगतो तो नेमका जेवताना आणि झोपताना. बांगलादेशात २०२०-२१मध्ये ६०० गावांत, सुमारे ३ लाख ४० हजार माणसांवर मास्कची मोठी चाचणी झाली. मास्क फुकट वाटले, गावच्या मान्यवरांनी आणि इमामांनी स्वतः घालून दाखवले, आठवण करून द्यायला माणसं नेमली. एवढं करून नीट मास्क घालणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांपर्यंत गेलं. ही वाढ मोठी आहे, पण मास्क न घालणारे त्यानंतरही निम्म्याहून जास्त होते. गळ्यातल्या यंत्राचं याहून बरं होईल असं मानायला काही आधार नाही. म्हणून यंत्राच्या आत वापराचे तास नोंदवणारी छोटी चिप आत्ताच बसवा. ‘रोज घालता ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे कोणीही ‘नाही’ म्हणत नाही.

आता त्या डॉक्टरांचे ४० पेशंट. समजा ऑगस्टमध्ये यंत्रं दिली आणि सप्टेंबरअखेर ४० पैकी ३५ जण म्हणाले, ‘बरं वाटतंय, सर्दी झाली नाही.’ महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो आणि पुढे तो ओसरतो. यंत्र दिलं नसतं तरी बऱ्याच जणांना बरंच वाटलं असतं. शिवाय डॉक्टरांनी प्रेमाने काही दिलं की पेशंट त्यांचं मन मोडत नाही. या फीडबॅकमधून तुम्हाला काहीच कळणार नाही. पण मामांना मात्र वाटेल की सगळं कळलं, आणि तिथेच घात होतो.

तुलनेचा गट का लागतो हे ब्रिटनमधल्या एका अलीकडच्या चाचणीवरून छान दिसतं. श्वसनसंसर्ग टाळण्यासाठी नाकात मारायचा जेलचा एक फवारा तिथे तपासला. जवळजवळ १४ हजार माणसं, चार गट. एका गटाला जेलचा फवारा, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी, तिसऱ्याला व्यायाम आणि ताण कमी करण्याबद्दल मार्गदर्शन करणारी वेबसाइट, चौथ्याला नेहमीचे उपचार. २०२४मध्ये निकाल आला. नेहमीच्या उपचारांच्या गटात आजारपणाचे सरासरी ८.२ दिवस, जेलच्या गटात ६.५ आणि मिठाच्या पाण्याच्या गटात ६.४. मिठाच्या पाण्याचा गट ठेवलाच नसता, तर सगळं श्रेय जेलला गेलं असतं आणि लोक महागडा फवारा घेत बसले असते. तुमच्या चाचणीतला मिठाच्या पाण्याचा गट म्हणजे नकली यंत्र. वजन तेवढंच, पंख्याचा आवाज तोच, दिव्याची निळी खूण तशीच, पण आत फिल्टर नाही आणि एलईडी पेटत नाही. कोणाला कुठलं मिळालं हे पेशंटला, डॉक्टरांना आणि तुम्हालाही शेवटपर्यंत कळता कामा नये. सर्दी झाली की नाही हे नुसतं विचारून ठरवायचं नाही. लक्षणं दिसताच नाकातला नमुना घेऊन पीसीआर करायचं.

यासाठी माणसं किती लागतील? समजा पावसाळ्यात यंत्राशिवाय १०० पैकी २० जणांना विषाणूजन्य संसर्ग होतो आणि तुमच्या यंत्राने ते १५वर येतात. चौथा हिस्सा संसर्ग टळला तर कोणीही आनंदाने स्वीकारेल. पण हा फरक खात्रीने दिसायला प्रत्येक गटात ९००च्या आसपास माणसं लागतात, म्हणजे एकूण १८०० आणि मध्येच सोडून जाणाऱ्यांसाठी वर आणखी. चाळिसात ते दिसणं शक्य नाही. वीस जणांत चौघं आजारी पडले आणि वीस जणांत तिघं, यावरून काय म्हणणार?

घाबरू नका, १८०० माणसं उद्याच गोळा करायची नाहीत. ते चाळीस जण मात्र खरोखर कामाचे आहेत, फक्त त्यांना प्रश्न वेगळा विचारा. ‘आजार टळतो का’ हे सोडा. ‘माणसं हे घालतात का, दिवसाला किती तास, केव्हा काढून ठेवतात, मानेला पुरळ येतं का, आवाजाने झोप मोडते का, फिल्टर स्वतः बदलता येतो का’ हे विचारा. ही प्राथमिक चाचणी. चाळिसात तिची उत्तरं मिळतात आणि त्यावरून यंत्राची पुढची आवृत्ती ठरते.

पण हीसुद्धा परस्पर करायची नाही. मी काही वर्षं एका संस्थेच्या नैतिकता समितीवर, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीवर, काम केलं आहे. आमच्यापुढे कागद आला की आम्ही आधी संमतिपत्र उघडायचो, तेही मराठीतलं. साठीच्या बाईला ते वाचून कळतं का? ‘हे यंत्र उपयोगी आहे हे माहीत नाही’ असं स्वच्छ लिहिलंय का? नको वाटलं तर मधूनच सोडता येईल आणि उपचार तसेच चालू राहतील, हे लिहिलंय का? इजा झाली तर भरपाई कोण देणार? तुमचे डॉक्टर सज्जन असतील, पण त्यांच्या पेशंटला त्यांच्यापुढे ‘नाही’ म्हणणं अवघड जातं. म्हणून संमती दुसऱ्या कोणी घ्यावी.

कायद्याचंही ऐका. फेब्रुवारी २०२०च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार रोगाच्या प्रतिबंधासाठी म्हणून बनवलेलं उपकरणही वैद्यकीय उपकरणात मोडतं. हवा शुद्ध करणारं यंत्र म्हणून विकलं तर एक गोष्ट, पण ‘सर्दी-फ्लू टाळतं’ म्हणालात की तुम्ही २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली आलात. चाचणीपुरती थोडी यंत्रं बनवायला एमडी-१२ अर्जावर परवाना घ्यावा लागतो, माणसांवरच्या चाचणीच्या परवानगीचा अर्ज एमडी-२२. तुमचं यंत्र कोणत्या वर्गात बसतं आणि त्याला यातलं काय लागू होतं, हे सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियामक संस्थेकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पहिला माणूस सहभागी होण्याआधी चाचणी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत नोंदवा. एप्रिल २०१८पासून तिथे चाचणी सुरू झाल्यावर मागाहून नोंद घेत नाहीत. आणि नोंद सगळ्यांना दिसते, म्हणून त्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज टाकून ठेवा. पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात.

हे सगळं एकटीने करू नका. आयआयटी मुंबईत बेटिक हे केंद्र वैद्यकीय उपकरणांवरच काम करतं. पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांना मदत करणारं केंद्र आहे. केंद्र सरकारच्या बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या संस्थेचं ‘बिग’ अनुदान १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतं आणि ते नेमकं तुमच्यासारख्या कल्पना-अवस्थेतल्या लोकांसाठी आहे. डिसेंबर २०२३मध्ये सुरू झालेलं ‘मेडटेक मित्र’ हे सरकारी व्यासपीठ क्लिनिकल चाचणी आणि परवान्यांबद्दल मार्गदर्शन करतं. आणि जीवसंख्याशास्त्र (वैद्यकीय आकडेवारीचं शास्त्र) जाणणारी व्यक्ती पहिल्या दिवसापासून सोबत हवी. माहिती गोळा झाल्यावर तिच्याकडे गेलात तर ती फारसं काही करू शकत नाही.

मामांशी बोलणं कठीण जाईल, मला कल्पना आहे. त्यांना साचे दिसतात, पुतळ्याचं डोकं दिसत नाही. त्यांना सांगा की १५ लाखांचे साचे आत्ता पाडले, तर झोताची दिशा दोन सेंटिमीटरने बदलावी लागली की ते साचे भंगारात जातील. त्यांना पैसे घालायचेच असतील, तर पहिले दोन-तीन लाख कणांच्या, ओझोनच्या आणि बॅटरीच्या चाचण्यांना लावा. आणि एक गोष्ट पैसे घेण्याआधीच कागदावर आणा: चाचणीत कशाला यश म्हणायचं हे आधी ठरेल, आकडेमोड घराबाहेरचा माणूस करेल आणि निकाल काहीही आला तरी प्रसिद्ध होईल. मामा यावर सही करत नसतील, तर ते पैसे घेऊ नका.

राहिली आई. यंत्राला वर्षं लागतील, पावसाळा दरवर्षी येतो. तिच्या छातीच्या डॉक्टरांना विचारून फ्लूची लस जूनच्या आधी द्या, ती दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकलची लस झाली आहे का ते पाहा. भाच्यालाही फ्लूची लस द्या, कारण संसर्ग त्याच्या वाटेने येतो. इनहेलर ती तुमच्यासमोर घेऊ दे. मी पाहिलेल्या पेशंटपैकी फार जण तो चुकीचा घेतात आणि औषध घशातच राहतं. भाच्याला सर्दी झाली की चार-पाच दिवस त्याची झोपायची खोली वेगळी करा, त्याने आणि आईने दोघांनीही मास्क लावावा, आईचा एन-९५ असावा. पाऊस असला तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. उदबत्ती आणि डासांची कॉइल तिच्या खोलीत नको. आणि खोकला वाढला, बेडक्याचा रंग बदलला किंवा नेहमीच्या कामात धाप लागली, तर आठवडा न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.